जळक्या फरशीवरचं नाणं

बस डोंगर उतरून समुद्राच्या बाजूला वळली, तरी श्रीरंग पाटणकरांच्या मनातला प्रश्न काही वळत नव्हता. ते नाणं किती खोल असेल? कमरेइतकं, की छातीइतकं?

बेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी ते स्वतःच्या हाताने तिथे ठेवलं होतं. ठेवताना हसलेही होते.

शेजारी केतकी मांडीवर यंत्राची पेटी घेऊन बसली होती. शिलाई मशीनच्या झाकणाएवढी पेटी, पण विमानातसुद्धा तिने ती वरच्या फळीवर ठेवू दिली नव्हती.

"बाबा, पाणी घ्या. चेहरा बघा केवढासा झालाय."

"प्रवासाचा शीण."

"शीण कसला, लगीनघाई आहे ही. बेचाळीस वर्षांनी माहेरी निघालात ना!"

श्रीरंग हसले. आपलं हसू खोटं दिसलं असेल का, याचा विचार ते पुढची दहा मिनिटं करत राहिले.

पेटीतल्या यंत्राला केतकीच्या गटाने तमोमापक असं नाव दिलं होतं. तत्त्व जुनंच होतं. गारगोटीच्या प्रत्येक कणात स्फटिकाचे सूक्ष्म दोष असतात. त्यांना खाचा म्हणू. दगड मातीत गाडला गेला की भोवतालच्या मातीतला नैसर्गिक किरणोत्सर्ग कणांतल्या इलेक्ट्रॉनांना हलवतो आणि ते या खाचांत अडकून बसतात. अंधार जितका लांब, तितके अडकलेले इलेक्ट्रॉन जास्त. दगडावर ऊन पडलं की ते सुटतात आणि पाटी कोरी होते. म्हणून दगडावर ठरावीक रंगाचा प्रकाश टाकायचा, सुटताना ते इलेक्ट्रॉन किती उजळतात ते मोजायचं, की त्या दगडाने शेवटचं ऊन कधी पाहिलं ते कळतं.

पूर्वी या मोजणीत शे-दोनशे वर्षांची चूक सहज व्हायची. केतकीच्या गटाने दगडाच्या पृष्ठभागापासून आतपर्यंत, केसाएवढ्या पापुद्र्यांनी, एकेक कण वाचायची रीत शोधली. ऊन दगडात थोडंच आत शिरतं. त्यामुळे वरचा पापुद्रा पुसला गेला तरी आतला शाबूत राहतो, आणि शेवटचं ऊन, त्याआधीचा अंधार, त्याही आधीचं ऊन, सगळं पानामागून पान वाचता येतं. अट एकच. दगड ज्या मातीत पुरला होता ती मातीही मोजावी लागते, कारण किरणोत्सर्ग जागोजागी वेगळा असतो.

चार वर्षांत या पेटीने जगाची झोप उडवली होती. वाईजवळच्या एका गावात दोन चुलतभावांनी बांधावरचा दगड तपासून घेतला. तो तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात सव्वा हात सरकवलेला निघाला आणि दोन घरांचं येणं-जाणं थांबलं. हजार वर्षांची म्हणून पुजली जाणारी एक मूर्ती शंभर वर्षांची ठरली, तेव्हा गावकऱ्यांनी यंत्र घेऊन आलेल्या माणसाला वेशीपर्यंत पोहोचवलं, तेही फार प्रेमाने नव्हे. आता तर कुठल्याही संग्रहालयाला प्रत्येक दगडी वस्तूसाठी प्रकाश-दाखला लागत होता.

लिक्नोसच्या दगडालाही तो लागणार होता.

लिक्नोस हे समुद्रकाठचं प्राचीन ग्रीक शहर, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी जळून गेलेलं. तिथल्या उत्खननात सव्वीस वर्षांच्या श्रीरंगला एक दगड सापडला होता. दिवा ठेवायची करड्या वालुकाश्माची बैठक, फूटभर उंचीची. तिच्यावर एक ओळ ग्रीक, एक ब्राह्मी: 'शूर्पारकाच्या नागमित्राने दिवा दिला.' शूर्पारक म्हणजे आपलं सोपारा. कोकण किनाऱ्यावरचा व्यापारी इतक्या लवकर ग्रीकांच्या शहरात पोहोचला होता, याचा तो पुरावा. त्या दगडावर श्रीरंग पाटणकरांचं नाव झालं, साताऱ्याच्या कॉलेजात नोकरी मिळाली, शाळेच्या पुस्तकात परिच्छेद आला. लहानपणी केतकी गोष्ट सांगा म्हणून हट्ट करायची ती नागमित्राचीच. दगडांतल्या अंधाराच्या मागे ती लागली, तीही त्यामुळेच.

आणि दाखल्यासाठी आता त्यांची जुनी चर, क्रमांक सात, पुन्हा उघडली जात होती.

*

बेचाळीस वर्षांपूर्वी त्यांच्यासोबत खणणारी देस्पिना फाटकाशीच उभी होती. पांढरे केस आखूड कापलेले, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा.

"रंगा!" ती इंग्रजीत ओरडली. श्रीरंग हे नाव तिला तेव्हाही पेललं नव्हतं. "तू म्हातारा झालास!"

"आणि तू?"

"मी इथेच आहे. इथे दोन हजार वर्षांच्या खालच्याला कोणी म्हातारं म्हणत नाही." तिने केतकीचे दोन्ही हात धरले. "ही ती मुलगी? दगडांना बोलायला लावणारी? तुझा बाप तीन महिन्यांत माझ्याशी तीन वाक्यं बोलला होता. त्यातली दोन पावसाबद्दल."

केतकी खळखळून हसली. "घरीही तसंच आहे."

तिघं मुख्य रस्त्याने निघाली. दोन्ही बाजूंना तुटक्या खांबांची रांग, मधून वाळलेलं गवत आणि पायाखाली चुरडून वास देणारी रानझुडपं. पर्यटक चष्मे लावून फिरत होते. त्यांना त्या चष्म्यांतून छपरं, रंगवलेल्या भिंती, बाजारातली गर्दी असं सगळं शहर उभं दिसत होतं, आणि खऱ्या दगडांना ते ठेचकाळत होते. श्रीरंगना चष्म्याची गरज नव्हती. कुठल्या वळणावर विहीर आहे, नाट्यगृहाच्या कुठल्या पायरीवर सरडा उन्हाला बसतो, सगळं पाठ होतं.

छपराखाली एक चर उघडीच ठेवलेली होती. तिच्या भिंतीत मातीचे थर स्पष्ट दिसत होते. तिसरा थर काळा, जळक्या फरशीचा. त्याखाली चौथा, राख मिसळलेला.

"ही आठ नंबर. माझी," देस्पिना केतकीला म्हणाली. "लोकांना थर दाखवायला बरी पडते म्हणून बुजवली नाही. तुझ्या बापाला शेजारी चौथ्या थरात नागमित्र भेटला, आणि मला इथे नुसती राख. त्याला साताऱ्याला खुर्ची मिळाली, मला या फाटकांच्या किल्ल्या. पुढे शिकायला जर्मनीला जायचं होतं, पण राख मिळवणाऱ्याला शिष्यवृत्ती कोण देतो?"

ती हे हसत म्हणाली. बहुधा पुष्कळदा म्हणून हसायची सवय झाली होती. श्रीरंगनी बुटाचे बंद बांधायला खाली वाकून घेतलं. बंद सुटलेले नव्हते.

शेजारच्या सात क्रमांकाच्या चरीतून कामगार घमेल्यांनी माती बाहेर काढत होते. कमरेइतकी खोली झाली होती.

"आज इथपर्यंत," देस्पिना म्हणाली. "उद्या सकाळी चौथ्या थरापर्यंत पोहोचू. तुझं नाणंही सापडेल रे! काय ठेवलं होतंस? रुपया ना?"

"नाणं कशासाठी?" केतकीने विचारलं.

"आमची रीत आहे. मोसम संपला की चर बुजवायच्या आधी तळाशी त्या वर्षाचं नाणं ठेवायचं. पुढे कधी कोणी खणलं, तर त्याला कळावं की आधीचा माणूस इथपर्यंत आला होता, याच्या खाली त्याने हात लावलेला नाही. भरलेली माती काही वर्षांनी मूळच्या मातीसारखीच दिसायला लागते ना!"

"म्हणजे नाणं असेल ते बाबांच्या चौथ्या थराच्याही खाली?"

"अर्थात," देस्पिना म्हणाली.

श्रीरंग चरीतून वर येणारी घमेली मोजत राहिले.

*

बेचाळीस वर्षांपूर्वी, मोसमाच्या शेवटच्या दिवशी, त्यांची चर जळक्या फरशीपाशीच अडली होती. फरशीखाली जायला वेळ नव्हता. दुपारी त्यांनी ती झाडून स्वच्छ केली, तिच्यावर लोंबी कोरलेलं रुपयाचं नाणं ठेवलं आणि कामगारांनी माती लोटली. सगळं नियमाप्रमाणे.

संध्याकाळी सगळे हात-पाय धुवायला गेल्यावर ते एकटेच ढिगाऱ्याशी रेंगाळले. सात आणि आठ, दोन्ही चरींची टाकाऊ माती त्या एकाच ढिगात पडायची. त्यात त्यांना राखेने माखलेला दगड दिसला. सहज अंगठा फिरवला आणि राखेखालून ब्राह्मी 'ना' उमटला. त्या उत्खननात ब्राह्मी वाचता येणारे ते एकटेच होते. ग्रीक ओळ अजून राखेखालीच होती. दुसऱ्या कुणाच्या हातात तो दगड नुसता दगड होता.

राख आठ क्रमांकाचीच असणार, हे त्यांना कळत होतं. पण पक्कं कुठे माहीत होतं? देस्पिनाला विचारायला हवं होतं. ती पन्नास पावलांवर नळाशी उभी होती, केस धूत होती. ते तिच्या दिशेने निघालेसुद्धा. मग काय बोलायचं ते सुचेना, इंग्रजी वाक्य जुळेना, तिच्याभोवती इतर मुलं होती. ते परत फिरले आणि दगड घेऊन प्रमुखांच्या तंबूत गेले. "कुठे मिळाला?" प्रमुखांनी विचारलं. कोणाच्या तरी चरीत मिळायलाच हवा होता. "सात. चौथा थर," ते म्हणाले. नोंदवहीत तसंच लिहिलं.

देस्पिनाने सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या होत्या.

पुढे त्यांनी मनाला किती तरी वेळा सांगितलं, की उद्या पत्र लिहू. पत्र लिहायला ते बुजले, आणि बुजण्याची सबब वर्षानुवर्षं पुरली. आपण लबाड आहोत की नुसते भित्रे, हे त्यांना आजही ठरवता येत नव्हतं.

*

पहाटे फटफटताच ते खोलीतून निघाले. केतकीने पांघरुणातून विचारलं, "कुठे?"

"सूर्योदय बघतो."

खिशात जुनी थापी होती. आठवण म्हणून आणलीय असं त्यांनी घरी स्वतःलाच सांगितलं होतं.

चरीत उतरताना गुडघा कुरकुरला. भरलेली माती भुसभुशीत होती. वीतभर गेल्यावर थापीच्या टोकाला किणकिण झाली. रुपया होता तिथेच होता, थोडा काळवंडलेला, आणि त्याच्याखाली झाडून स्वच्छ केलेली जळकी फरशी. त्यांनीच झाडलेली. श्रीरंगनी नाणं खिशात टाकलं, माती सारखी केली आणि बाहेर आले. वर एक मांजर तेवढं बसलं होतं. त्यांनी मांजराकडेही नीट पाहिलं नाही.

नाणं सापडलं नाही तर कोण काय म्हणणार? माती सरकते, उंदीर बिळं करतात. बेचाळीस वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत.

नाश्त्याला देस्पिनाने अंजिरं आणि पाव ठेवला होता. श्रीरंग एकच अंजीर हातात धरून बसले होते.

"तुम्हाला एक गंमत सांगू?" केतकी तिला म्हणाली. "आज मी दगडासारखीच मातीही वाचणार आहे. बाबांच्या चरीत चौथ्या थराच्या ज्या मातीने एकोणीसशे शहाण्णवचं ऊन पाहिलंय, ती वेगळी दिसेल. खणलेल्या जागेचा अगदी नकाशा निघेल."

श्रीरंगच्या हातातून अंजीर पडलं. चौथ्या थराच्या त्या मातीने शहाण्णवचं ऊन पाहिलेलंच नव्हतं. नाणं उचलून काहीच साधलं नव्हतं.

"बाबा?"

"काही नाही. पिकलेलं होतं फार."

पण कामाला हात लागतो न लागतो तोच उष्णतेचा भोंगा वाजला. अलीकडे त्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात तो रोजच वाजायचा. वाजला की उघड्यावर काम करणं गुन्हा होता. त्या दिवशी नऊलाच वाजला. कामगारांनी घमेली उपडी केली आणि निघून गेले.

"आता संध्याकाळपर्यंत सुट्टी," देस्पिना म्हणाली. "मग उरलेल्या वेळात चौथा थर गाठणं व्हायचं नाही, आणि तुमचं परतीचं विमान उद्याचं."

केतकी वैतागली. "मग मातीचं काय करू?"

"माझी आठ नंबर छपराखाली आहे की! थर तोच, चौथा. अंतर चार हात. तेवढं चालतं ना?"

"चालतं. नियमात बसतं." केतकी वडिलांकडे वळली. "सुटलात बाबा. तुमची चर खणायची गरजच नाही."

सुटलात. ती सहजच बोलली होती.

*

छपराखाली, आठ क्रमांकाच्या चरीत, केतकीने काळा पडदा लावला. संग्रहालयातून आणलेली बैठक पेटीत बसवली, भिंतीच्या चौथ्या थरात बोटभर लांबीची सळी रोवली. तासाभराने यंत्राने शिटी दिली.

"दोन हजार एकशे शहात्तर वर्षं अंधार," ती वाचू लागली. "दोन-तीन वर्षं इकडे-तिकडे. म्हणजे शहर जळायच्या थोडं आधीच कोणी तरी हा पुरला. आणि त्याच्याआधी... बाबा, ऐका! वीस-बावीस वर्षं उन्हात. एकाच बाजूने, दक्षिणेकडे तोंड. अंगणात होता हा! नागमित्राचा दिवा अंगणात जळत होता!"

देस्पिनाने टाळ्या वाजवल्या. अगदी तशाच, हात उंच धरून.

"आणि माती तर बघा," केतकी म्हणाली. "मातीचा आकडा आणि दगडाचा आकडा असा बसलाय, जणू काल याच भिंतीतून काढलाय. इतकं जुळत नाही कधी. कमाल आहे!"

यंत्राने खरं सांगून टाकलं होतं. आणि कोणी ऐकलंच नव्हतं.

श्रीरंगनी केतकीकडे पाहिलं. तिचा चेहरा, नागमित्राची गोष्ट ऐकताना उशीत हनुवटी रुतवून बसायची तेव्हाचा. मग त्यांनी टाळ्या वाजवणाऱ्या हातांकडे पाहिलं. खिशातलं नाणं बोटांना लागलं. ते बाहेर काढून त्यांनी देस्पिनासमोर धरलं तेव्हा त्यांचा विचार पुरता झालाही नव्हता.

"हे माझ्या चरीतलं," ते म्हणाले. "आज पहाटे काढलं."

देस्पिनाचं हसू जागच्या जागी थांबलं. तिने नाणं घेतलं, उलटसुलट केलं. मग त्या कामातलं कुणीही विचारील तेच तिने विचारलं.

"किती खोल?"

"जळक्या फरशीच्या वर." त्यांनी भिंतीतला काळा थर दाखवला. "खाली मी गेलोच नव्हतो. दगड मला ढिगात मिळाला. तुझ्या राखेत. तुला विचारायला नळापर्यंत आलो होतो, आणि..." पुढचं वाक्य याही वेळी जुळलं नाही.

बाहेर रातकिड्यांसारखे किडे उन्हात एकसुरी किरकिरत होते. देस्पिना आपल्या चरीच्या भिंतीकडे बघत राहिली.

"मला नुसती राख मिळाली," ती हळूहळू म्हणाली, "असं मी माझ्या आईला सांगितलं. ती म्हणाली, जाऊ दे. मरेपर्यंत तिला वाटत होतं, की मी आळशीपणा केला. मला ब्राह्मी येत नव्हती रंगा. पण तो दगड घेऊन मी तुझ्याकडेच आले असते. तुझ्याशिवाय कुणाकडे जाणार होते?"

ती छपराबाहेर, बंदी असलेल्या उन्हात चालत गेली. नाणं तिच्या मुठीतच होतं.

केतकीने यंत्र बंद केलं. बराच वेळ ती वायर गुंडाळत राहिली.

"सूर्योदय बघायला गेला नव्हतात तर."

"नाही."

"आणि मग आता का सांगितलंत? निभावलं होतं. मीच निभावून दिलं होतं, नकळत."

"माहीत नाही गं." ते खरंच शोधत होते. "चर खणली गेली असती तर सापडलो म्हणून सांगितलं असतं. ते सांगणं कसलं? आता कोणी पकडणार नव्हतं. पुन्हा अशी संधी मिळाली असती असं वाटत नाही."

"माझ्या प्रबंधाचं पहिलं वाक्य तुमच्या नोंदवहीतलं आहे, बाबा."

"हो."

"शाळेच्या पुस्तकातला परिच्छेद मी वर्गात मोठ्याने वाचला होता. बाईंनी मला उभं केलं होतं."

केतकीने दाखल्याचा कागद पुढे ओढला. शोधकाच्या रकान्यात पाटणकरांचं नाव आधीच छापलेलं होतं. तिने त्यावर एक सरळ रेघ मारली.

"देस्पिनाबाईंचं आडनाव काय?"

श्रीरंगनी आठवून पाहिलं. तीन महिने तिच्या शेजारी खणलं, बेचाळीस वर्षं तिचा दगड सांभाळला, आणि आडनाव माहीत नव्हतं. ते लिहायची वेळच कधी आली नव्हती.

"विचारावं लागेल," ते म्हणाले.

"मग विचारा," केतकी म्हणाली. "मी नाही विचारणार."

*

सहा वाजता भोंग्याने मोकळीक दिली तेव्हा देस्पिना परत आली. नाक आणि कपाळ उन्हाने लाल झालं होतं. सोबत दोन कामगार, फावडी घेऊन.

श्रीरंग उठले, तिच्यापर्यंत चालत गेले. पन्नास पावलांपेक्षा कमीच अंतर होतं. "तुझं आडनाव काय? दाखल्यावर लिहायचंय."

तिने कामगारांना हाताने मागेच थांबवलं.

"क्षमा मागायच्या आधी आडनाव विचारतोस?"

"क्षमा नंतर मागतो. आधी लिहायचंय. नाही तर पुन्हा राहून जाईल."

तिच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला, आणि पुन्हा सरळ झाला. "वेलिसारियू," ती म्हणाली. मग मूठ उघडून तिने नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. "हे जिथे होतं तिथे ठेव. चर बुजवायची आहे. आणि खोली मोज. नीट मोज."

श्रीरंग चरीत उतरले. थापीने वीतभर माती बाजूला केली, फरशी पुन्हा स्वच्छ झाडली, नाणं होतं त्या जागी ठेवलं. केतकीने वरून मोजपट्टी सोडली, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पट्टीचं टोक फरशीला टेकवलं. पट्टी तिरकी होती. ते थांबले, पुन्हा टेकवलं.

"किती?" देस्पिनाने विचारलं.

"एक मीटर बारा," त्यांनी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. "चर क्रमांक सात. तिसरा थर. जळक्या फरशीच्या वर. खाली खणलेलं नाही."

केतकीने नोंदवही उघडली आणि शब्द न् शब्द लिहून घेतला. तारीख घातली. मग वही बगलेत धरून, नजर समुद्राकडेच ठेवून, तिने वडिलांना वर घ्यायला एक हात खाली दिला.